पोंक्षे सरांच्या पुस्तकातली खोटी नोंद

पोंक्षे सर आज पहाटे गेले. त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात एक खोटं आहे, आणि ते माझं आहे.

सर विरारच्या मनवेलपाड्यात राहायचे, आमच्या कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवायचे. नव्वदच्या दशकात वसईच्या विहिरींवर पुस्तक लिहीत होते. म्हणायचे, "पाण्याचं धोरण आधी जिभेवर तपासायचं."

दर अमावस्येला, मोठ्या भरतीच्या दिवशी, सायकलवरून आमच्याकडे यायचे. घरोघरी विहिरीचं पाणी चाखायचे, थुंकायचे, वहीत लिहायचे.

गोड. मचूळ. खारं.

नायगावला खाडीच्या बाजूचं शेवटचं घर आमचं. त्या वर्षी आमची विहीर खारी झाली. त्याच वर्षी माझं लग्न ठरत होतं.

बाबा म्हणाले, "मास्तरला आपलं पानी नको देऊ. वरच्या आळीतनं कळशी आन. खाऱ्या पान्याच्या घरात पोर कोन देईल?"

मी आणली. बादलीत ओतून विहिरीच्या काठावर ठेवली. वर दोरसुद्धा भिजवून ठेवला. एवढी अक्कल मला अभ्यासात कधी सुचली नाही.

सरांनी चाखलं.

"अरे वा, तुमचं अजून गोड?"

"हो सर."

त्यांनी लिहून घेतलं.

माझं लग्न झालं. पुस्तक आलं. गेल्या वर्षी त्याला मोठं पारितोषिक मिळालं, एमएच्या सिलॅबसला लागलं, आणि पाण्याच्या सरकारी कमिटीने त्यातला नकाशा जसाच्या तसा उचलला.

त्या नकाशात गोड्या पाण्याची रेघ आमच्या विहिरीपर्यंत ओढली आहे. म्हणून इथल्या नव्या टॉवर्सना बोअरची परमिशन मिळाली. उपसा सुरू झाला की खाडी आत येणार, हे सरांनीच शिकवलेलं.

परवा वरच्या आळीचं पाणीही मला मचूळ लागलं. बायको म्हणाली, "तुम्हाला भास होतो."

तिनेही ग्लास अर्धाच ठेवला.

पारितोषिकानंतर सरांच्या सत्काराच्या दिवशी सांगणार होतो. हार घातला, फोटो काढला, घरी आलो. मी भित्रा आहे, दुसरं काय.

काल बोअरची गाडी वरच्या आळीत येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने तिथल्या एका वहिनींकडे प्यायला पाणी मागितलं, एक घोट घेतला आणि बाकीचं ओतून दिलं.

रविवारी शोकसभा आहे. बोलणाऱ्यांत बिल्डरही आहे, मीही आहे. मी ही नोंद सगळ्यांसमोर खोडायला सांगणार आहे. हे ऐकून बाबा ताटावरून उठून गेले.

सर, लोक आता म्हणतील की पोंक्षे चुकले. तुम्ही चुकला नव्हता. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होता.

शेवटचा नमस्कार. मान वर करून करता येत नाही.