येतं तेवढ्यालाच टिक

कुठलाही कपडा हातात आला की मास्टर आधी तो उलटा करायचे. शेजाऱ्यांचा पडदा असो, नाहीतर माझ्या कॉलेजच्या बॅगेचं अस्तर. आतल्या शिलाईवर अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "बाहेरून काय, सगळंच बरं दिसतं." तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेल. नवी वस्तू दाखवायला जावं, दोष ऐकून परत यावं, आणि तरी पुढच्या वेळी त्यांनाच आधी दाखवावंसं वाटावं.

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या चाळीत ते दोन खोल्या सोडून राहायचे. उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात शिलाईला होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. "कम्प्युटरच्या आत काय असतं ते शिकवतात का गं?" ते विचारायचे. मी हो म्हणायचे. खरं तर मला तोवर फारसं येत नव्हतं.

शेवटच्या वर्षाला मला उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका छोट्या ऑफिसात वेबसाइट बनवायचं काम मिळालं. पहिलंच काम मास्टरांच्या मालकांचं निघालं. जुना कारखाना बंद करून ते नवा काढणार होते, आणि तिथे यायचं असेल त्या कारागिराने मोबाइलवरून अर्ज भरायचा होता. कोणती मशीन येते? साधी शिलाई, कडा बांधायची ओव्हरलॉक, बटणांच्या भोकांची काज, खिशाच्या टोकाला पक्का टाका घालणारी बार्टॅक. चार चौकोन. मी चारही टिक करून पाहिले, अर्ज गेला. मी खूश.

अर्ज येऊ लागले. प्रत्येकाला चारही मशीन येत होत्या. केवढे हुशार कारागीर, असं मला वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी मास्टर ऑफिसात आले. "पोरी, तुझा फॉर्म मला घेत नाही." अर्ज गेला नाही तर नव्या कारखान्यात नाव नाही, आणि साठीच्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार? मला वाटलं, त्यांचा फोन जुना आहे. माझ्या फोनवर भरला, मग कम्प्युटरवर. नाव बरोबर, नंबर बरोबर, दोन टिक, आणि खाली लाल अक्षरं: हा चौकोन भरा.

आमच्या ऑफिसचे सर खुर्चीतूनच म्हणाले, "अरे मास्टर, मार दो ना चारों. सबने मारा है."

"सबको आता होगा," मास्टर म्हणाले. "मला काज येत नाही. बार्टॅक तर लांबच."

"कौन देखने वाला है?"

"मशीन बघेल ना, साहेब."

मीही हळूच म्हटलं, "काका, आजचाच दिवस आहे. करा ना." त्यांनी स्क्रीनवरच्या आपल्या दोन टिकांवर बोट ठेवलं.

मग मी कोड उघडला. चारही चौकोनांना 'सक्तीचा' असं मीच लिहून ठेवलं होतं. पहिली ओळ लिहून खाली तीनदा चिकटवली होती. खरं तर चारपैकी निदान एक भरलेला असावा, एवढंच हवं होतं.

"सापडलं?" मागून आवाज आला.

"माझीच चूक आहे, काका."

"मग बरं झालं. घरचीच शिलाई, लगेच उसवता येईल."

मी उसवली. एकही टिक न करता पाहिलं, अर्ज अडला. एक करून पाहिलं, गेला. मग त्यांचा, दोन टिकांचा. तोही गेला. आधीचे सगळे अर्ज पुन्हा भरून घ्यावे लागतील, हे मी सरांना सांगितलं. सरांनी डोकं धरलं, पण मालकांना फोन केला. मास्टरांना नव्या कारखान्यात शिलाईवरच घेतलं.

सहा महिन्यांनी ते दारात आले. "माझा फॉर्म आहे का गं अजून?"

"आहे. पण आता कशाला? काम तर लागलं."

"तिथं काज येत नाही असं लिहून दिलंय ना मी. आता येतं. तुझ्याएवढ्या एका पोरीनं शिकवलं. ओरडते फार."

मालकांना विचारून मी त्यांची नोंद उघडली. टिक त्यांनी स्वतः केली, एका बोटाने, दाबून.

गेल्या महिन्यात ते मुलीकडे बदलापूरला राहायला गेले. यादीत त्यांच्या नावापुढे तीन टिक आहेत. चौथीसाठी त्यांचा फोन येईल, असं मला अजून वाटतं.