आषाढात न वाळलेली पृथ्वी

ताई गेल्याचा फोन कारखान्याच्या ऑफिसात आला, तेव्हा मी टेबलासमोर उभा राहून ताईचीच नक्कल करत होतो. डोक्यावर रद्दीची टोपली पालथी घातली होती, खांद्यावर टॉवेलचा पदर होता, आणि कराडच्या मंडईत अंतराळवीर वांगी कशी घेतो, हे चार कारकुनांना दाखवत होतो. चौघेही पोट धरून हसत होते. फोन घेणाऱ्यानं हाक मारली, मी टोपली न काढताच रिसीव्हर कानाला लावला. सांगलीहून तिच्या शाळेतल्या बाई बोलत होत्या. "तुमच्या ताई सकाळी गेल्या..." मला वाटलं, गावाला गेल्या. मी विचारलंसुद्धा, "कुठं?"

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सांगलीत मुलींच्या शाळेत हस्तव्यवसाय शिकवायची, लग्न केलं नव्हतं, हळदीच्या पेठेमागं एका खोलीत राहायची. त्या खोलीत कागद कधी वाया गेला नाही. वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, मी पाठवलेली पत्रं, सगळं वाचून झालं की फाडून बादलीत भिजत पडायचं. त्यात वाटलेली मेथी घालून ती लगदा कुटायची. आमच्याकडच्या बायका त्या लगद्याच्या धान्याच्या टोपल्या करतात. ताई मुलींकडून चंद्र करून घ्यायची. रिकाम्या रिळाचं रॉकेट, काड्यापेट्यांचा उपग्रह, चहाच्या पुड्यातल्या चांदीचे तारे. माणूस चंद्रावर उतरल्यापासून तिच्या वर्गात दुसरा विषयच नव्हता. मी चिडवायचो, "ताई, तुझा चंद्र शिजवून खाल्ला तर कडू लागंल." ती म्हणायची, "तुझ्या बोलण्यापरास कमीच."

माझं बोलणं... तिथंच सगळं सुरू झालं. यंदाच्या आषाढात स्कायलॅब, अमेरिकेची आभाळात फिरणारी प्रयोगशाळा, पृथ्वीवर पडणार अशी बातमी होती. कधी आणि कुठं, कुणालाच ठाऊक नव्हतं. गावोगाव माणसं कोंबड्या कापून खात होती, मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणून. आणि मी, असली संधी सोडीन कशी? अंगणात आळीतली पोरं गोळा केली. ती कारखान्याच्या धुराड्याएवढी कशी आहे, जळत कशी येणार, आवाज कसा होणार, सगळं साभिनय सांगितलं. शेवटी दगडावर पितळी परात आपटली. पोरं किंचाळली, मग हसली, घरी गेली. माझी मंजू हसली नाही. आठ वर्षांची पोर. दुसऱ्या दिवशी ती पलंगाखाली जाऊन बसली आणि उघड्या आभाळाखाली पाऊल टाकेना. शाळा बंद. अंगण ओलांडून मोरीपर्यंतही जाईना. तिसऱ्या दिवसापासून पोटात काही ठरेना. डॉक्टरांनी औषध दिलं, तेही उलटलं. तिच्या मनगटाची हाडं दिसायला लागली. मी पलंगाशेजारी उताणा पडून शपथा घ्यायचो की ते सगळं खोटं होतं. ती विचारायची, "मग पेपरात कसं आलं?" बायको माझ्याशी बोलत नव्हती. शेवटी मी ताईला तार केली.

ती शनिवारी एसटीनं आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "काय सांगितलंस रं पोरीला?"

"पेपरात आलंय तेच."

"पेपरात परात न्हवती वाजवलेली."

मग ती पन्नाशीची बाई लुगडं सावरत पलंगाखाली शिरली. "सरक जरा गं. मलाबी भ्या वाटतंय." दोघी तासभर आतच होत्या. बाहेर आल्या त्या पृथ्वी करायची ठरवूनच. पृथ्वी किती मोठी आणि ती वस्तू किती बारकी, हे मंजूनं स्वतःच्या हातानं बघायचं. गोल मडक्यावर लगदा थापला, नारळाच्या करवंट्यांसारखे दोन भाग केले. पोर पलंगाच्या कडेला बसून थापायला लागली, दोन घास पेजही प्याली. माझ्या जिवात जीव आला. पण आषाढातली कराडची हवा... लगदा वाळेच ना. शेगडीवर धरला, चुलीमागं ठेवला, दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर बोट आत.

सोमवारी सकाळी ताई पिशवी भरत होती. म्हणाली, "मला गेलं पायजे. उद्या सांगलीत काम हाय."

"काम काय पळून जातंय? रजेचा अर्ज मी लिहितो. असा लिहितो, की तुझी हेडबाई पदरानं डोळं पुसंल."

ती हसली. "न्हाई, पळून जाणारं न्हाई ते," म्हणाली. मंजूनं तिचा पदर धरला होता. मी आणखी आर्जवं केली, हात जोडले, नाटकी गुडघेही टेकले. खरं सांगतो, त्यात नाटक फार थोडं होतं. ती गेली असती तर पोर पुन्हा पलंगाखाली गेली असती. ताईनं पिशवीतलं लुगडं काढून परत दांडीवर टाकलं.

गुरुवारी ताईनं कान लावून बोटाचं पेर वाजवलं, खणखणीत आवाज आला, पृथ्वी वाळली होती. निळीचे समुद्र, गेरूची जमीन, आणि कराडच्या जागी कुंकवाचा ठिपका. वरून पातळ खळ फासली. मंजूनं डोळे मिटून मोहरीचा एकेक दाणा, म्हणजे स्कायलॅब, वरून टाकायचा आणि कुठं चिकटतो ते बघायचं. पहिला समुद्रात, दुसरा समुद्रात. मंजू हसायला लागली, तब्बल बारा दिवसांनी! विसावा दाणा असेल... तो टपकन कुंकवाच्या ठिपक्यावर बसला. इतक्या मोठ्या पृथ्वीत त्याला तेवढीच जागा दिसली. मी पटकन नखानं उडवला. पण तोवर तिनं डोळे उघडले होते.

"बाबा, तुमी ती काढली! कराडावर पडली ती, तुमी काढली!"

ती पुन्हा पलंगाखाली. पेज पुन्हा उलटली. मी भिंतीला डोकं टेकून उभा होतो. ताईनं ती पृथ्वी उचलून फळीवर ठेवली. मग पलंगाजवळ जाऊन म्हणाली, "पडली ती पडली. खोटं कशाला बोलायचं? आता डोक्यावर काय घालायचं ते बघू." आणि पुन्हा कागद भिजत घातला.

आता पालथ्या पातेल्यांवर अंतराळवीरांची शिरस्त्राणं. ती वाळायला आठवडा लागला. वरून चहाची चांदी, पुढं आकाशकंदिलाचा पिवळा जिलेटीन कागद. त्यानंतरच्या सोमवारी ताईनं एक डोक्यावर चढवलं, एक मंजूच्या, एक माझ्या. आधी ती एकटी अंगणात गेली, मधोमध उभी राहिली. "आलं का काय वरनं?" मंजू उंबऱ्यावर. "न्हाई." "मग ये की." पोरीनं पाऊल टाकलं... तसेच आम्ही तिघं मंडईत गेलो. वांगेवाली म्हणाली, "आवं बाई, ह्ये काय सोंग?" ताई आतून म्हणाली, "सोंग न्हाई, बचाव हाय. पाव किलो द्या." मंजूनं त्या दिवशी भाकरी खाल्ली. दोन दिवसांनी ती स्कायलॅब दूर समुद्रात आणि ऑस्ट्रेलियाकडं पडली, आणि ताई सांगलीला गेली.

भाद्रपदात तिचं ऑपरेशन झालं. "गाठ हुती, काढली, आता बरं हाय," एवढंच सांगितलं. मी दवाखान्यात जाऊन सगळ्या वॉर्डाला हसवून आलो. कार्तिकात ती गेली. बाराव्याला तिच्या शाळेतल्या बाई आल्या. त्यांनी सहज बोलता बोलता सांगितलं, की ताईंना ऑपरेशनची तारीख आषाढातच मिळाली होती, एका मंगळवारची. पण त्या कराडला अडकल्या, आणि परतल्यावर पुढची तारीख मिळायला दीड महिना गेला. मी त्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, आधी झालं असतं तर वाचल्या असत्या असं सांगता येत नाही. नसत्या वाचल्या, असंही सांगता येत नाही. एवढ्याशा वाक्यात मी गेले पाच आठवडे राहतो आहे. तिथून बाहेर पडायला दार नाही.

शाळेतल्या बाई बोलत होत्या तेव्हा मंजू दाराआड होती. चार दिवसांनी मी जेवत असताना तिनं विचारलं, "बाबा, आत्या माज्यामुळं थांबली व्हय?" आयुष्यभर मी गोष्टी सांगितल्या, शेवट हवे तसे बदलले. त्या वेळी मी हातातला घास ताटात ठेवला. म्हणालो, "न्हाई. मी थांबवली. मी परात वाजवली आणि मीच तिला जाऊ दिलं न्हाई." तिनं मान हलवली. ती पटल्याची होती का, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं रद्दी फाडून भिजत घातली. कुणाला विचारलं नाही. मेथी स्वतः वाटली, मडक्यावर लगदा थापला आणि अंगणात उन्हात ठेवला. मी विचारलं, "काय करतीस गं? पृथ्वी?"

"न्हाई. वाळायला किती दिवस लागत्यात ते बघायचंय."

मी तिच्याजवळ बसून राहिलो. मार्गशीर्षातलं कोरडं ऊन होतं, आभाळात एक ढग नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मडक्यावर बोटाचं पेर वाजवून बघितलं, कान लावून, ताई वाजवायची तसं. आवाज खणखणीत आला; आषाढात गुरुवारपर्यंत न वाळलेला लगदा दीड दिवसात वाळला होता. ती तिथंच उन्हात बसली आणि पुन्हा पुन्हा वाजवत राहिली.