कडेगावहून आणलेली हवा

"थांब गड्या, गार होऊ दे."

चहा असो, भांडण असो की भट्टीतून नुकतीच काढलेली वडी असो, सर डाव्या हाताचा पंजा हवेत धरायचे आणि हेच म्हणायचे. चहा तर साय धरेपर्यंत तसाच ठेवायचे. प्राचार्य चिडून खोलीत आले तरी सरांचा पंजा वर. त्यामुळे प्राचार्य आणखीच तापायचे. तुमच्या ओळखीत असा एखादा माणूस असेल, तर त्याच्या हाताखाली काम करणाऱ्यांकडे जरा दयेनं बघा. मी त्यांतलाच एक.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. सांगलीच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि सर विभागप्रमुख. माणूस कडेगावकडचा. घरी ऊस, थोरला भाऊ पलटणीत. हे मात्र शिकत शिकत परदेशात पोचले, घन पदार्थांच्या अभ्यासात तिथली मोठी पदवी मिळवली, आणि सगळे तिकडेच राहत असताना हे परत आले. तेही कुठे, तर पंखा लावला की दिवा मंद होणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत. का आलात, असं विचारलं तर म्हणायचे, "तिकडं सगळं हाय की. मग आपण काय करायचं?"

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. लोखंडाच्या एका ऑक्साइडची पूड दाबायची, भाजायची आणि तिची काळी वडी करायची. मग ती गार करत न्यायची आणि तिच्यातून वीज कशी वाहते ते मोजत राहायचं. गार म्हणजे बर्फासारखी नव्हे. बर्फ ज्याच्यापुढे निखारा वाटेल, इतकी गार. असं करता करता एका ठिकाणी वडीचा स्वभावच पालटतो, वीज आत जाता जात नाही. तो का पालटतो, या एका प्रश्नामागे सर लागले होते.

पण इतका गारठा सांगलीत आणायचा कुठून? मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांत द्रव नायट्रोजन मिळायचा, आम्हाला कोण देणार? सरांनी तो कडेगावच्या गुरांच्या दवाखान्यात शोधून काढला. संकरित गाईंसाठी वळूंचं बीज तिथे द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवत. तिथले डॉक्टर सरांचे शाळासोबती. उरलासुरला नायट्रोजन ते सरांना देत. सर दुहेरी भिंतीची किटली घेऊन जात आणि मलाही बरोबर ओढत. दवाखान्याबाहेर गाई घेऊन बसलेली माणसं आमच्याकडे बघायची.

"आवं सर, तुमची गाय कुठं हाय?" एकानं एकदा विचारलंच.

"सांगलीत हाय," सर गंभीरपणे म्हणाले. "लय नाजूक हाय. तिला आणता येत न्हाई."

मी लाजेनं दुसरीकडे बघू लागलो.

परतीच्या एस.टी.त वेगळाच तमाशा. किटलीचं झाकण घट्ट लावून चालत नाही, त्यामुळे त्यातून पांढरा धूर निघत राही. शेजारच्या बाया पदर नाकाला लावत. कंडक्टरनं विचारलं, "ह्यात काय हाय?"

"हवा," सर म्हणाले.

"हवा? मंग धूर कशाचा?"

"लय गार केलेली हवा हाय. पातळ झालीया."

कंडक्टरनं किटलीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि सामानाचं तिकीट फाडलं. सर आनंदानं ते घेऊन मला म्हणाले, "बघ, हवेचं तिकीट. असं परदेशात न्हाई मिळायचं." मी मात्र विट्यापर्यंत उभा होतो, कारण माझ्या जागेवर किटली बसली होती.

वडी गार होतानाचं मोजमाप सर स्वतः करायचे. ते झालं की ती आपोआप परत कोमट होत राही, त्याला अख्खी दुपार लागे. ती कंटाळवाणी दुपार माझ्या वाट्याला. "बसून राहा, आणि काटा बघत जा," एवढं सांगून सर तासाला जात.

एके दिवशी वडी गार होताना काट्यानं एक नव्हे, दोन उड्या घेतल्या, म्हणजे तिचा स्वभाव दोनदा पालटला. दुसरी लहानशी, पण स्पष्ट. कुठल्या पुस्तकात ती नव्हती. पुन्हा केलं, पुन्हा दिसली. मला वाटलं, झालं! आता हे छापलं की माझं नाव सरांच्या नावाशेजारी येणार, माझी पीएच.डी. मार्गी लागणार, मी कायम होणार.

सरांनी पंजा वर केला. "गार होऊ दे. तार सैल असंल."

तार बदलली. उडी होतीच. मग तार चिकटवायचा चांदीचा लेप बदलला, भट्टी बदलली, वडी नव्यानं केली. प्रत्येक वेळी कडेगाव, प्रत्येक वेळी किटली. मी हात जोडले, रागावलो, अबोला धरला. एक वर्ष गेलं, दुसरंही गेलं. सरांची शंका काही संपेना.

आणि मग बोटीनं, नेहमीप्रमाणे कित्येक महिने उशिरा, ग्रंथालयात परदेशी नियतकालिकाचा अंक आला. त्यात ती उडी होती. आमचीच उडी, दुसऱ्यांच्या नावावर.

मी तो अंक घेऊन तडक सरांच्या घरी गेलो. सर पायरीवर बसून वाचू लागले, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा असा उजळला की मला कळेचना.

"म्हंजे खरी हाय!" ते ओरडले. "आपली तार सैल नव्हती! व्हय का न्हाई?"

तेव्हा मात्र माझा तोल गेला. "सर, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? माझी दोन वर्षं पाण्यात गेली!" शेजारच्या घराच्या खिडक्या उघडल्या, तरी मी बोलतच राहिलो.

वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "बोला भावजी, चांगलं मोठ्यानं बोला. मी लग्नापासून बोलायची राहिलेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या आधी प्रयोगशाळेत हजर. "रात्री पुन्हा वाचलं. त्यांनी वडी गार होताना मोजलीया, परत तापताना न्हाई. तापताना ती दुसरी उडी गायब होतीया. ते तुझ्या दुपारच्या नोंदींत हाय. लिही."

मी लिहून काढलं. वर दोघांची नावं घातली. सरांनी स्वतःचं नाव खोडलं.

"सर, वडी तुमची, कल्पना तुमची."

"तापताना कोण बसला व्हता?"

"तुम्ही बसवलंत म्हणून!"

"मग शेवटी आभार मान. चहाबद्दल."

कितीही वाद घातला तरी ऐकेनात. लेख माझ्या एकट्याच्या नावावर छापून आला, त्यावर पुढे माझी पीएच.डी. झाली, नोकरी पक्की झाली. आणि त्याच सुमाराला कॉलेज चालवणाऱ्या संस्थेनं विचारलं, विभागप्रमुखांनी इतक्या वर्षांत काय छापलं? काहीच नाही. सरांची बदली साताऱ्यापलीकडच्या मेढ्याला झाली, संस्थेच्याच शाळेत, अकरावी-बारावीच्या नव्या वर्गांवर. तिथे प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं. मी प्राचार्यांकडे जाऊन सगळं खरं सांगतो म्हणालो, तर सर माझ्यावरच उखडले. त्यांना उखडलेलं मी तेवढंच पाहिलं. "तू तुझं काम बघ. पोरं मेढ्याला न्हाईत व्हय?"

पुढे ते तिथेच हृदयविकारानं गेले. मला समजलं तेव्हा दहावासुद्धा होऊन गेला होता.

त्याआधी एकदाच मी मेढ्याला गेलो होतो. साताऱ्याहून बस बदलून, धक्के खात, मनात सरांना बोल लावत. शाळेच्या पटांगणात त्यांनी अख्खा वर्ग, घन पदार्थातल्या अणूंसारखा, रांगा करून उभा केला होता. प्रत्येकानं पुढच्या-मागच्याचा, डाव्या-उजव्याचा आधार धरलेला, कुणाचा हात, कुणाचा खांदा. सर मधोमध उभे, सदरा घामानं भिजलेला. एका कोपऱ्यातल्या मुलानं अंग हलवलं की ती लाट सबंध वर्गातून पलीकडे जाई, आणि सरांपाशी आली की अडखळे.

"का अडखळली?" सर ओरडून विचारत होते.

"तुमी मधी हाय म्हणून!" मुलं ओरडली.

"बराबर! मी भेसळ हाय!"

एवढ्यात त्यांची नजर फाटकाकडे गेली. ना "या", ना "कसे आहात". "अरं, बरा आलास! तिसऱ्या रांगेतली पोरगी आज आली न्हाई, तिची जागा मोकळी हाय. उभा राहा तिथं."

"सर, माझी परतीची बस आहे—"

"उभा राहा रं!"

मी पिशवी खाली ठेवली आणि चरफडत रांगेत शिरलो. दोन्ही बाजूंनी दोन मळकट हातांनी माझे हात धरले. कोपऱ्यातल्या पोरानं अंग हलवलं, आणि ती लाट माझ्या खांद्यातून पुढे गेली.