जात होते ते आले

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, काहीही विचारलं की ते आधी डोळे मिटत, मग शेंडी चाचपत आणि म्हणत, "मज कळेना गे." भाजी कुठली करू? मज कळेना. दुकानाची किल्ली कुठं आहे? मज कळेना. साताऱ्याहून सून होऊन कुंभकोणात आले तेव्हा मला वाटलं, हा माणूस उठता-बसता अभंगच म्हणतो. असलं मराठी आमच्याकडे पोथीतच उरलेलं. पुढे लक्षात आलं की तंजावराकडची आमची मंडळी पिढ्यान् पिढ्या घरात असंच बोलतात आणि उंबरा ओलांडला की तमिळ. मला उंबऱ्याच्या आतलं अर्धं समजे, बाहेरचं मुळीच नाही. तेव्हा माझी साक्ष कितपत धरायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

मोठ्या रस्त्यावर मामंजींचं पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. हंडा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते विचारत, "एवढा मोठा खरंच लागतो का हो?" गिऱ्हाईक विचारात पडे, घरी जाऊन विचार करतो म्हणे. माझे यजमान गल्ल्यामागे कपाळ धरून बसत. पुण्याची नोकरी सोडून ते याच दुकानात परतले होते.

एकोणीसशे पन्नासनंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. मोठं वादळ झालं आणि कावेरीकाठच्या झोपड्या आडव्या झाल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात तिघंजण उभे राहिले. मुनियन नावाचा चटया विणणारा, त्याची बायको वळ्ळी आणि म्हातारी आई. वळ्ळीला दिवस भरत आलेले. सासूबाईंनी भात-सांबार दिलं. तिघं खाऊन उठली, बोचकी उचलली. मामंजी हात जोडून प्रेमाने म्हणाले, "बरं, वांगो."

आता यातली मेख सांगते. मराठीत आपण जाणाऱ्याला 'या' म्हणतो. 'जा' म्हणणं बरं नाही. तमिळमध्येही रीत तीच, फक्त तिथे 'जाऊन या' असं पुरतं म्हणावं लागतं. नुसतं 'वांगो' म्हटलं तर त्याचा अर्थ एकच, या, आत या. मुनियनने एकदा बायकोकडे पाहिलं आणि तिघं पायरी चढून तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, चटई पसरून बसली.

मामंजी तसेच हात जोडून आत आले. "ते आले."

"कोण हो?" सासूबाईंनी विचारलं.

"जात होते ते."

"मग सांगा की जाऊन!"

"कसें सांगू? आतांच तर बोलावलें."

जन्म कुंभकोणात गेलेला माणूस एका साध्या शब्दाला असा चुकेल? यजमान म्हणत, चुकला. सासूबाई म्हणत, "सोंग आहे, मी ओळखते." मी दोघांच्याही पानात वाढत होते, मला काय कळणार!

चौथ्या दिवशी गल्लीची सभा भरली. ती आमच्याच तिण्णैवर भरली, कारण गल्लीच्या सभा तिथेच भरत. वळ्ळीने जागा झाडून दिली, आपलं मडकं बाजूला सरकवलं, आणि पाहुण्यांना टेकायला एक चटईही घातली. मग तिला तिथून कसं हलवायचं यावर मंडळी तिच्याच चटईवर बसून बोलू लागली. यजमान दाराआडून मला मराठी करून सांगत होते.

शेजारी कॉफी क्लब नावाचं हॉटेल चालवणारे अय्यर तावातावाने म्हणाले, "ओय् राव, आज तीन आहेत. उद्या तीस आले तर माझं गिऱ्हाईक कुठून वाट काढणार?"

"तीस मावणार नाहीत," मामंजी म्हणाले. "ओटा लहान आहे."

समोरचे वकील म्हणाले, "छत्र कशाला आहे मग? तंजावरच्या राजांनी धर्मशाळा म्हणून बांधलंय, तिथं पाठवा."

सभा तशीच बसवून मामंजी स्वतः तिघांना घेऊन छत्रात गेले आणि तिघांना घेऊन परत आले. तिथला कारभारी म्हणाला होता, छत्र वाटसरूंसाठी आहे. कुठून आलात? इथूनच. कुठं जाणार? इथंच. मग तुम्ही वाटसरू कसे?

मामंजी अय्यरांना म्हणाले, "बरोबर बोलला तो. मग यांना तिरुक्करुगावूरला देवीच्या दर्शनाला नेऊन आणू का? परत आले की वाटसरू झाले!"

"राव, त्या बाईला नववा महिना चाललाय!"

"म्हणूनच गर्भ राखणारी देवी सांगतो."

अय्यरांना हसू आवरेना, पण ते हसू अर्ध्यावर थांबलं, कारण म्हातारीने भिंतीला धरून सुनेला उठवलं. वळ्ळीच्या कळा सुरू झाल्या होत्या. आता ओट्यावर बाळंतपण करायचं, की रस्त्यावर? वकिलांनी घड्याळ पाहिलं.

मामंजी शेंडी चाचपायचे विसरले. यजमानांना म्हणाले, "दुकानामागची कोठी रिकामी कर."

"आणि भांडी?"

"घरी."

झालं! हंडे, घंगाळी, लग्नातले रांजणाएवढे पितळी टोप, सगळं हातगाडीवरून आमच्या घरात येऊ लागलं. ओसरी भरली, माजघर भरलं, माझ्या खोलीत तीन हंडे आले. आणि गंमत अशी की गाडी ढकलायला पहिला हात अय्यरांच्या माणसांचा लागला. पाणी तापवून दिलं तेही कॉफी क्लबच्या चुलीवर. दुपारी कोठीत मुलगी झाली. संध्याकाळी अय्यर बाहेरून ओरडले, "त्या म्हातारीला भाज्या चिरता येतात का विचारा. माझा माणूस पळालाय!" वकिलांनी नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या आणि मुनियनला नदीपलीकडे, पाणी चढणार नाही अशी, जागा मिळवून दिली. या खटपटीत पोर कोठीतच रांगायला लागलं.

ती मंडळी नव्या झोपडीत गेली. यजमान म्हणाले, "अप्पा, आता भांडी हलवू?"

"राहूं दे. कोणी येईल."

कोणी येईना. मामंजी रोज कोठी उघडत, झाडत, बंद करत. सासूबाई चिडत, "घरात पाय ठेवायला जागा नाहीं आणि तिथे खोली ओस!" ते कानकोंडे होत, पण भांडी हलली नाहीत. पुढच्या पावसाळ्याआधी मामंजी तापाने गेले. मुनियन लेकीला खांद्यावर घेऊन आला होता.

दिवस झाल्यावर यजमान मला म्हणाले, "चल, आता तरी हंडे परत नेऊ." बैलगाडी भरून आम्ही दुकानाशी पोहोचलो. मागच्या दाराच्या पायरीवर एक म्हातारी गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. तिने काही मागितलं नाही. नुसती आमच्याकडे पाहत होती. गाडीवानाने विचारलं, "उतरवू?" यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी यजमानांकडे. बैल शेपट्या हलवत उभे.

मग यजमानांनी कोठीचं कुलूप काढलं आणि गाडीवानाला गाडी वळवायला सांगितली. अजून आमच्या ओसरीतून स्वयंपाकघरात जायचं तर अंग चोरून, तिरकं व्हावं लागतं.