लॅपटॉपमधला वानोळा

मी चौथी शिकलो. पुढं ढोरं राखायला गेलो तो शाळेत परत आलोच नाही. त्यामुळं लॅपटॉपमधलं मला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून कोणी समजावायला बसलं की माझं डोकं सटकतं. हे आधीच लिहून ठेवतो. पुढं कोणी म्हणायला नको की म्हातारा उगाच चिडला. उगाच नाही चिडलो.

बायको दिवाळीनंतर गेली. तापाचं निमित्त झालं. यवतमाळला नेली तेव्हा गाडीत स्वतः चढून बसली होती, आणि कुलूप नीट लावलं का म्हणून मलाच विचारत होती. परत आणली ती चादरीत. तेव्हापासून घरात आवाज म्हणजे कोंबड्यांचा आणि पंख्याचा.

मला तिचा आवाज ऐकायचा होता. एवढंच. लॅपटॉपमध्ये तिचा एक व्हिडिओ आहे, तुरीच्या वावरात उभी राहून शेंगा तोडते आणि बोलते. तो लावायचा आणि पाहायचा, यापलीकडं मला त्या मशीनशी काही घेणं नव्हतं. पण मशीन सुरू केलं की गोल फिरत बसायचं आणि मग इंग्रजीत एक पाटी यायची. पाटी मिटवली की पुन्हा पाटी. पोराला फोन केला. पोरगा पुण्याला नोकरीवर.

"बाबा, डिस्क भरली असन. अखजीले येतो तवा पाहतो. तोवर हात नका लावू."

हात नका लावू! लॅपटॉप मूळचा त्याचाच. कॉलेजला असताना घेतला होता. कंपनीनं नवा दिला तेव्हा जुनी चप्पल टाकावी तसा हा घरी टाकून गेला. त्याच्या आईनं उचलला. ती दहावी शिकलेली. एका दिवाळीच्या सुटीत पोरानं तिला दोन गोष्टी दाखवल्या, बाकीच्या तिच्या तिनं शोधल्या. मोबाईल भरला की वायर लावायची आणि सगळे फोटो लॅपटॉपात ओतायची. मी म्हणायचो, "पीठ चाळून राह्यली का तिथी?" ती मान वर करत नसे. काम झालं की लुगड्याचा तुकडा झाकून मशीन कोठीवर ठेवून द्यायची. तो तुकडा अजून तसाच आहे.

अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी पोरगा आला. तिच्या नावाची पहिली घागर भरायची होती, म्हणून दारव्ह्याची माझी बहीण आणि पुसदची माझी पोरगीही येणार होती. मी चहाचंही विचारलं नाही. लॅपटॉप पुढ्यात ठेवला.

त्यानं उघडला, इकडंतिकडं पाहिलं आणि हसायला लागला. "अरे बाप्पा! बाबा, आईनं एकएक फोटो किती ठिकाणी ठेवला हाय पाहा. तोच फोटो पुसदमधी, तोच दारव्ह्यात, तोच पुण्यात. भरन नाही तं काय? आई बी येडीच होती."

"तोंड सांभाळ," मी म्हणालो.

"तसं नाही म्हणून राह्यलो. पण हे पाहा ना."

मी पाहिलं. मला अक्षर वाचता येतं. पिवळ्या पाकिटांची रांग होती आणि प्रत्येकावर एका घराचं नाव मराठीत घातलेलं. पुसद. दारव्हा. पुणे. वरचं घर. प्रत्येकात तेच: आमची गाय व्याली तो फोटो, अंबाडीची फुलं, नवी मोटर बसवली ती, आणि तुरीतला तो व्हिडिओ. मला कळायला वेळ लागला नाही. पोराला कळलं नाही याचा राग आला, कारण तो याच घरात वाढला.

तो वानोळा होता. आमच्याकडं वावरात नवीन काही निघालं की सगळ्यात आधी त्याचे वाटे पडतात. तुरीच्या शेंगा असो, हरभऱ्याची भाजी असो, कैरी असो, ती सुपात वाटे करून ठेवायची. जेवढं पोरीला, तेवढंच नणंदेला. आणि मग त्या गावाकडं कोणी जाणाऱ्याची वाट पाहायची. जाणारा मिळाला नाही तर शेंगा सुकायच्या, पण तिनं एकाचा वाटा दुसऱ्यात कधी मिसळला नाही. आणि सगळे वाटे घराबाहेर पडल्याशिवाय आमच्या घरात ती गोष्ट शिजायची नाही. मी सुपातली शेंग उचलली की हातावर चापट बसायची. "पोचू द्या पहिले."

लॅपटॉपातही तिनं तेच केलं होतं. वाटे करून ठेवले आणि नेणाऱ्याची वाट पाहत बसली. कोणी नेलेच नाहीत.

पोरगा म्हणाला, "सोपं काम हाय. एक सॉफ्टवेअर असते. सारखे फोटो शोधते, एक ठेवते आन् बाकी उडवते."

"कोणाचा ठेवते?"

"कोणाचा म्हंजे?"

"एक ठेवते म्हणतं ना? कोणाच्या वाट्याचा?"

"बाबा, त्याले काय कळते वाटा? जो पहिला सापडला तो ठेवते."

"मंग नाही चालत."

"बरं, मी सगळं नेटवर टाकून देतो. ज्याले पाह्यजे तो घेईन तिथून."

"वानोळा चौकात ठेवून येते का कोणी? ज्याले पाह्यजे तो उचला म्हणून?"

तो मशीन मिटवायला लागला. मी मिटवू दिलं नाही. "आन् तुया वाटा काहून पडला इथी? दिवाळीत आलता. तूरडाळ नेली, लोणच्याची बरणी नेली. तुयी माय दारापर्यंत मागं मागं आली, 'तुये फोटो घेऊन जा' म्हणून. तू काय म्हणला?"

"बाबा, ते फोटो मोबाईलवर पाठवतच होती ना आई. पाह्यले होते मी."

"पाह्यले होते! तिनं तुले पाहाले नोते ठेवले. न्याले ठेवले होते."

मग मी म्हटलं, आता दाखव बरं, जागा नेमकी कोणी खाल्ली ते. त्यानं दाखवलं. तिथं त्याच्या कॉलेजातले पिच्चर निघाले, गोळ्या झाडायचे खेळ निघाले, आणि मित्रांसोबत गोव्याला गेला त्याचा एवढा मोठा ढीग. आईला येडी म्हणणारा!

"हे कोणाचं?"

"मायंच हाय."

"मंग पहिले हे काढ."

"राहू द्या ना. पाहीन कधीतरी."

"काढ म्हणतो ना!"

काढलं. तोंड वाकडं करून काढलं. डिस्क भरल्याची लाल पट्टी थोडी मागं सरली, पण मशीन काही हालेना. व्हिडिओ लावला तर तिचा हात शेंगेजवळ गेला आणि तिथंच थांबला. तोंड उघडं, आवाज नाही. मी उठून अंगणात गेलो. तिला तसं पाहणं मला सोसलं नाही.

परत आलो तेव्हा ठरवूनच आलो. पोराला म्हटलं, दुकानात जा आणि घरं तितके पेनड्राईव्ह घेऊन ये. ज्याचा त्याला द्यायचा. ज्याच्या हातात पडला त्याचंच पाकीट मशीनमधून काढायचं. आधी नाही. त्यानं कपाळाला हात लावला, पण आणले.

अखजीला घागर भरली, पान वाढलं, कावळा लवकर आला. तिला ताटकळत ठेवणं कधी जमलंच नाही. जेवणं झाल्यावर मी तिचंच सूप घेतलं, त्यात पेनड्राईव्ह ठेवले आणि माणसांसमोर धरलं. पोरगी पुसदची. तिनं घेतला, पर्समध्ये टाकला, पर्स बंद केली आणि मग तोंडाला पदर लावला. बहिणीनं हातात घेऊन उलटासुलटा केला.

"दादा, याले लावू कुठी? आमच्या घरचा टीव्ही तं डब्बा हाय."

"नातवाले सांगजो."

"देवापाशी ठेवते."

"देवापाशी नको ठेवू!" मी ओरडलो. "कुंकू लावून बसशीन आन् त्याचं तोंड बंद होईन. आयक. ती बोलते त्याच्यात. आयकाले दिला."

बहीण म्हणाली, "ओरडता काहून? ती होती तवा बी ओरडत आन् आता बी." पोरगा तिकडं एकएक पाकीट काढत होता आणि पट्टी मागं मागं सरत होती. त्यानं स्वतःचाही पेनड्राईव्ह घेतला. खिशात घालणार होता, मग बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला. मी पाहिलं.

आता एकच पाकीट उरलं. वरचं घर.

वरचं घर म्हणजे माझा मोठा भाऊ. गल्लीच्या वरच्या टोकाला राहतो. आमच्या दोघांच्या वावरामधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक निंब आहे. मी म्हणतो माझ्याकडं आहे, तो म्हणतो त्याच्याकडं. पोरगा शाळेत होता तेव्हापासून आम्ही बोलत नाही. बायकोच्या मयतीला आला, लाकडं त्यानंच रचली, आणि माझ्याकडं न पाहता गेला. तिनं मात्र त्या घरचा वाटा कधी बंद केला नाही. मी रागावलो की म्हणायची, "तुमचं भांडण झाडाचं हाय. मायं कायचं हाय?" आणि पदराखाली वाटी झाकून वर चालू लागायची.

पोरगा म्हणाला, "बाबा, हे राहू द्या तुमच्यापाशी. तसं बी मोठेबाबा कुठं घेते."

"मायं पाकीट कुठाय?"

त्यानं शोधलं. नव्हतं. असणार कसं? वानोळा दुसऱ्या घराला असतो, आपल्या घराला कोणी बांधून ठेवत नाही. म्हणजे तिचा जेवढा आवाज या घरात उरला होता, तो सगळा त्या निंबवाल्याच्या नावानं! मला असा संताप आला की मी म्हटलं, "त्याचं नाव पूस वरून."

पोरगा नाव पुसायला लागला आणि माझ्याच हातावर चापट बसल्यासारखं झालं. "थांब," मी म्हणालो.

"कॉपी करून देतो ना. एक तुमची, एक त्यायची. लाऊ का व्हिडिओ? आता चालन."

"कर कॉपी. पण आत्ता नको लाऊ. पहिले त्याचा पोचू दे."

पायात वहाणा घातल्या आणि वर गेलो. त्या अंगणात पाय ठेवायचा म्हणजे मला काय वाटत होतं ते लिहिण्यासारखं नाही. भाऊ बाजेवर बसून तंबाखू मळत होता. वहिनी चुलीपाशी.

"अगबाई, भाऊजी! वाट चुकले का?"

"चुकलो नाही. वानोळा आणला."

"कोणाचा?"

"तिचा."

वहिनीनं हात पुसले आणि पदर पसरला. मी त्यात पेनड्राईव्ह ठेवला. तिनं हे काय म्हणून विचारलं नाही. भाऊ बाजेवरूनच भिंतीला म्हणाला, "निंबाले हात लावला का म्हणा तिकडल्यानं?"

मी कोंबडीकडं पाहत म्हणालो, "लावला नाही म्हणा. पण निंब मायाच हाय म्हणा."

"मी का टपाल हाओ दोघायचं?" वहिनी ओरडली. "मरा तिकडं निंबाखाली जाऊन!" आणि घरात गेली. मी वळलो. तिनं आतूनच अडवलं. "थांबा. रिकाम्या हातानं जाता का?" वानोळा आणणाऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही, हे मी रागात विसरलो होतो. तिनं वाटीत मूग आणले. मुगावर मोबाईलमधून काढलेलं एक कार्ड होतं, नखाएवढं.

"याच्यात हाय ती," वहिनी म्हणाली. "आमच्या अंगणातली. पाहून झालं का कार्ड वापस करजा. अन् आणताना रिकामं आणू नका."

घरी आलो. पोराला म्हटलं, आता लाव. आधी तुरीतला लावला. न थांबता चालला. ती बोलली. काय बोलली ते ज्यांना वाटा गेला त्यांना माहीत आहे.

मग कार्ड लावलं. वहिनीचं अंगण, बाजेवर कुरड्या, आणि माझी बायको हसते आहे. या घरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. वहिनी मागून म्हणते, "भाऊजी हाक कशी मारते, दाखव वं." आणि ही कमरेवर हात ठेवते, मान ताणते आणि घोगरा आवाज काढते, "अवं, आयकतं का वं! चहा मांडला का नाही अजून!"

पोरगा खो खो हसला.

"दात काढू नको. मी असा ओरडतो का?"

मी म्हटलं परत लाव. परत लावला. त्या घरी जाऊन, त्या माणसाच्या अंगणात, माझी नक्कल! आणि तीही चुकीची.

"मोबाईल काढ," मी म्हणालो. "मी कशी हाक मारतो ते भर त्या कार्डात. तसं बी ते रिकामं न्यायचं नाही. पाहू दे वरच्या घराले खरं काय ते."

पोरानं मोबाईल समोर धरला. मी चुलीकडं तोंड केलं आणि रोज मारायचो तशी हाक मारली. कमरेवर हात कधी गेला ते कळलं नाही. मान ताणली गेली. आवाज निघाला तो तिनं काढला होता तोच, एक कानाही इकडचा तिकडं नाही.

हाक मारून झाल्यावरही मी तसाच उभा होतो.

पोरगा मोबाईल खाली घेत म्हणाला, "बाबा, पुन्हा घेऊ का?"

"नाही," मी म्हणालो. "हेच जाऊ दे."