पारबताच्या हाताचं माप

पेज गरमच होती. गोंदियाजवळच्या कुडव्याला पोरीच्या घरून डबा घेऊन मी दवाखान्यात निघालो होतो. जावई गाडी चालवून राहिला होता, मी मागे डबा मांडीवर धरून. फाटकाजवळ त्याचा फोन वाजला. त्यानं गाडी बाजूला घेतली, ऐकलं, अन् मागे वळून काही माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हाच मला समजलं. "बाबूजी..." एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "चाल, डबा थंडा होते." माणूस काय बोलते त्या वेळी, त्याचं त्यालाच समजत नाही. खाटेजवळ गेलो तर माझ्या बायकोचं, पारबताचं तोंड शांत होतं. दीड महिना जी छाती भात्यासारखी वरखाली होत होती, ती थांबली होती. मला रडू आलं नाही. मी आधी तिचे हात पाहिले.

या गोष्टीला आता दोन महिने होतात. शाळेचे गुरुजी म्हणाले, काकूवर लिहून द्या, पेपरच्या पुरवणीत छापून येईल. मी चौथी शिकलेला माणूस, धानाच्या बांधीत जन्म गेला. मला सजवून लिहिता येत नाही. पण पारबता कोण होती, हे लोकांना समजलं पाहिजे असं मला वाटते. नाहीतर लोक म्हणतील, सडक अर्जुनी तालुक्याच्या आतल्या एका गावात शाळेची खिचडी शिजवणारी एक बाई होती, खोकून मेली. तसं नाही.

सतरा-अठरा वर्षं तिनं शाळेच्या पोरांसाठी शिजवलं. टिनाचं एक शेड, त्यात तीन दगडांची मोठी चूल, वर खिचडीचा भलामोठा गंज. सिलिंडर कधी आलं तर आलं, नाहीतर लाकडं. पावसाळ्यात ओली लाकडं पेटली की धूर दाराबाहेर निघत नव्हता, अन् पारबता आत. घरी आली की तिच्या लुगड्याला, केसाला धुराचा वास. मी म्हणत होतो, "सोडून दे ना वो ते काम." ती म्हणे, "मी सोडीन, मंग दुसरी कोणी खोकंन. धूर थोडीच सोडते?" तिच्या हाताखाली सुनंदा नावाची एक तरुण बाई लागली होती. दुसऱ्या वर्षीच तीही खोकायला लागली. तो खोकला पारबताला सहन होत नव्हता. स्वतःचा होत होता, तिचा नाही.

आमचा मुलगा रोशन आधी गोंदियात ऑटो चालवत होता. मग कोणाच्या ओळखीनं पार पोर्तुगालला गेला, अन् तिथंही तीनचाकीच चालवते. सिंत्रा नावाचं गाव आहे तिथं, डोंगरावर. जुन्या राजांचे महाल, किल्ले, झाडी... दुनियेतले लोक पाहायला येतात. रोशन त्यांना ऑटोत बसवून वर नेते अन् खाली आणते. त्यानं तिकिटं पाठवली, म्हणाला, माय, बाबा, एकदा या. पारबताला तेव्हाच दम लागत होता. डॉक्टर म्हणाला, जाऊ द्या, पण चढू नका. डोंगरावरच्या गावात जायचं अन् चढायचं नाही!

पहिल्या दिवशी रोशननं आम्हाला ऑटोत फिरवलं. गल्ल्या अशा अरुंद की समोरून गाडी आली तर एकानं भिंतीला चिकटावं. भिंतींवर हिरवं शेवाळ, झाडांवरून पाणी टपकून राहिलेलं, धुकं आलं की रस्ताच गायब. पारबता म्हणाली, "आपल्या कचारगडच्या डोंगरासारखं हाय गा रोशन, फक्त थंडी जास्त हाय." किल्ल्याच्या दाराशी ऑटो थांबला. पुढं दगडी पायऱ्या होत्या, पाठीच्या कण्यासारख्या डोंगराच्या माथ्यावरून जाणाऱ्या. पारबता दहा पायऱ्या चढली अन् बसली. छाती धरून म्हणाली, "तुमी जा. मी खाली बसतो." आमच्याकडे बायाही असंच बोलतात, मी बसतो, मी जातो.

मी गेलो. खोटं कायले बोलू, मला पाहायचं होतं. तीन दिवस मी वर फिरलो. किल्ल्याच्या भिंतीवरून लांब समुद्र दिसते. आणखी वर एक महाल आहे, एक बुरूज लाल, एक पिवळा, जसा कोणी पोळ्याचा बैल रंगवला. एका बागेत तर जमिनीत उलटी विहीर आहे, गोल गोल पायऱ्यांनी खाली उतरा, अन् पाणी नाहीच! अन् या तीन दिवसांत पारबता खाली गावातल्या चौकात बाकावर बसून. रोशन तिला तिथली एक गोड वडी अन् पाण्याची बाटली देऊन जाई. मला वाटलं, बिचारी कंटाळून राहिली असेल.

तिसऱ्या दिवशी मी खाली आलो अन् महालाचे रंग सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "ते राहू द्या. ते पाहा." तिचं बोट चौकातल्या जुन्या महालाकडे. त्याच्या छपरावर दोन भलेमोठे पांढरे सुळके उभे आहेत, बुडाशी रुंद अन् वर निमुळते, जशा दोन बाटल्या उभ्या ठेवल्या. मी तर तीन दिवस त्यांच्या समोरून गेलो होतो. मला वाटलं, मंदिरागिंदिराचं काही असेल.

"धुराडे हायेत," पारबता म्हणाली.

"एवढे मोठे? तुले कसं समजलं?"

"माणसं येतात, फोटो काढतात, चालली जातात. मी तीन दिवस पाहून राहिलो. वरचं तोंड उघडं हाय. अन् बुड पाहा केवढं. खाली चूल नसंन तर काय असंन? रोशन, मले आत ने."

रोशन हसला. "माय, आत सोन्याच्या छताच्या खोल्या हायेत, हंस काढलेल्या."

"हंस तू पाह्य. मले सैपाकघर दाखव."

गेलो. हंसाच्या खोलीतून ती मान वर न करता निघाली. मी पाहिलं, चांगलं होतं. पण राजाच्या स्वयंपाकघरात पाय ठेवला अन् ती थांबली. छप्परच नव्हतं हो. म्हणजे अर्ध्या-अर्ध्या खोलीवर छपराच्या जागी ते एकेक धुराडंच होतं. भिंतीच वर वर निमुळत्या होत गेलेल्या, अन् पार टोकाला उजेडाचा एक ठिपका. पारबता एका धुराड्याखाली मधोमध गेली अन् जशी चुलीपुढं बसते तशी उकिडवी बसली. वर पाहत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "आपण भिंतीले भोक पाडतो. त्याईनं छप्परच भोक केलं." अन् पिशवीतून सुतळी काढली. घरून रोशनसाठी पापडाचं खोकं आणलं होतं, त्याला बांधलेली सुतळी. आपल्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मापून तिनं तिला गाठी मारल्या. बारा हात, बारा गाठी. अन् राजाच्या स्वयंपाकघराची भिंत मोजायला लागली.

आजूबाजूला गोरे लोक. कोणी हसले, कोणी फोटो काढला. पहाऱ्यावरची एक बाई, काळ्या कोटातली, तरातरा आली. अन् मी काय केलं? मी सरकून दाराशी उभा राहिलो, जशी काही ती लुगड्यातली बाई माझी कोणी नाहीच. हे मी आज लिहून राहिलो, कारण तिला मी हे कधी सांगितलं नाही. तिनं पाहिलं असणारच.

रोशननं आपल्या तोडक्यामोडक्या भाषेत त्या बाईला सांगितलं, माझी माय शाळेत दीडशे पोरांचा स्वयंपाक करते, धुरानं तिची छाती गेली, ती हे माप गावाला नेणार आहे. त्या बाईनं पारबताकडे पाहिलं. मग खाली वाकून सुतळीचं दुसरं टोक धरलं... दोघी त्या भिंतीच्या कडेनं चालल्या, ही आमची झाडीपट्टीची बोली बोलून राहिली, ती तिची, अन् दोघींनाही सगळं समजून राहिलं होतं. धुराडं किती उंच तेही त्या बाईनं रोशनला सांगितलं, त्यानं ते हातांत करून मायला दिलं. पारबतानं मनातच हिशेब बसवला. रुंदीच्या दुपटीहून जास्त उंची. अंगठा लावणारी बाई! शाळेच्या चुलीवर बसवायला तिनं तिथंच ठरवलं, पाच हात रुंद अन् बारा हात उंच. पुरी सुतळी.

गावात आल्यावर लोक विचारत, काकू, विलायतेत काय पाहिलं? ती म्हणे, "धुराडं." लोकांना वाटे मजाक करते. गुरुजींनी पंचायतीला विचारलं, होकार आणला. विटा आमच्या पडक्या गोठ्याच्या निघाल्या. हिरामण मिस्त्री म्हणाला, "काकू, असं म्या कधी बांधलं नाई." ती म्हणाली, "म्या तरी कुठं बांधलं? सुतळी हाय ना."

बांधलं, चुना मारला. पहिल्या दिवशी चूल पेटवली अन् सगळा धूर खाली. सुनंदा डोळे चोळत बाहेर पळाली. गावात मजाच झाली. पानठेल्यावर कोणी म्हणे, "पारबताकाकूचा परदेशी महाल पाहिला का गा?" मीही चिडलो. घरी आल्यावर म्हटलं, "झाली ना हौस? लोक हसून राहिले आपल्यावर." ती दुसऱ्या दिवशी सकाळीच सुतळी घेऊन शाळेत गेली, बूड मोजलं, अन् हिरामणला बोलावलं.

"हिरामण, उंची कायनं मोजली?"

"तुमच्या सुतळीनं, काकू."

"अन् रुंदी?"

"पाचच हात होते. ते म्या हातानंच मोजले."

"कोनाच्या हातानं?"

हिरामण आपल्याच हाताकडे पाहायला लागला. तो सहा फूट माणूस, हात गुडघ्यापर्यंत येतात.

"तुहा हात माह्या हाताएवढा हाय का बे? बूड तुह्यं, उंची माही. धूर कोनाचं आयकंन?" मग हसली, खोकली, अन् पुन्हा हसली. "पाड. अन् मापाले माहाच हात घे."

हिरामणनं पाडलं अन् पुन्हा बांधलं. पारबता रोज तिथं खुर्ची टाकून बसे, तोवर लागलेली ऑक्सिजनची नळी नाकात. दुसऱ्या वेळी चूल पेटवली तेव्हा धूर जसा कोणी हात धरून वर नेला, तसा निघून गेला. शेडमध्ये उभं राहून वर पाहिलं तर उजेडाचा ठिपका दिसे, तिथल्यासारखाच, लहान. सुनंदा रडली. पानठेल्यावरचा तोच माणूस आपल्या पोरांना धुराडं दाखवायला घेऊन आला. पारबता मला म्हणाली, "आता नाई ना कोणी दाराशी जाऊन उभं राहत?" मी मान खाली घातली... तिनं माझा हात धरला.

तिच्या छातीला त्याचा उपयोग झाला नाही. उशीर झाला होता. चार महिने तेवढे मिळाले. पण सुनंदा आता खोकत नाही. आजूबाजूच्या दोन गावांतले गुरुजी पाहायला आले, माप मागून गेले. हिरामण म्हणते, आता मलाच जमते. मी म्हणतो, तुले जमते, पण सुतळी पारबताची लागते. मी मोठ्या तोंडानं सांगतो सगळ्यांना, राजाच्या घरातून माझ्या बायकोनं धुराडं आणलं. कोणी हसलं तर हसू दे. आता मी तिच्या बाजूलाच उभा आहे.

ती सुतळी घरात खुंटीला टांगली आहे. माप मागायला कोणी आलं की मी काढून देतो, अन् परत येईपर्यंत मला चैन पडत नाही. काल परत आली. मी एक गाठ कोपराशी धरली, सुतळी हातावर ताणली. दुसरी गाठ माझ्या बोटापर्यंत पोचत नाही. तळव्यातच थांबते. तिथंच मूठ मिटतो मी...