पोटातल्याला काय कळतंय
परवा संभाजीनगरच्या घरी गरोदर भावजयीच्या हातून ताट पडलं, तर तिशी ओलांडलेला माझा धाकटा भाऊ दोन्ही कानांवर हात दाबून भिंतीला चिकटला.

मला आमचं गंगापूरचं घर आठवलं. याच भावाच्या वेळी आईला सातवा महिना होता. तिच्या पोटाला कान लावून मी बाळाची हालचाल ऐकत होते. वरण अळणी झालं म्हणून वडिलांनी भरलं ताट आमच्या डोक्यावरच्या भिंतीवर हाणलं आणि आईचे केस धरले. माझ्या गालाखाली बाळ ताडकन उसळलं. मग कितीतरी वेळ हललंच नाही.

“पोटातलं भेलं ना ओ!” आई किंचाळली.

“त्याला काय कळतंय?” म्हणत त्यांनी तिला भिंतीवर आपटलं.

परवा ताट उचलताना भाऊ ओशाळून हसला. “ताई, या आवाजाला मी एवढा का भेतो, मलाच नाय कळत.”

वडील समोरच जेवत होते. मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी मान वर केली नाही.